हात लावण्याआधी

शुक्रवार पेठेतल्या नवलाईच्या देवळात जोतीराम गुरव सकाळी पूजा बांधायला बसला, की बाहेर चपला काढणारी माणसंसुद्धा आवाज खाली आणत. देवी म्हणजे काळ्या पाषाणाची जेमतेम अडीच हाताची मूर्ती. शेंदूर आणि तेल पिऊन पिऊन नाकडोळे जवळजवळ सपाट झालेले. पण जोतीरामाच्या हातून नऊवारी नेसून, मळवट भरून, वेणी माळून ती उभी राहिली की अशी काही दिसायची, की दुसऱ्या पेठांतल्या बायका शुक्रवारी मुद्दाम वाट वाकडी करून यायच्या. खरं बोलायचं तर देवीला बघायला नव्हे, तिच्या निऱ्या बघायला.

जोतीरामाला हे ठाऊक होतं आणि ते त्याला आवडतही होतं. कबूल मात्र करायचा नाही. कुणी कौतुक केलं की हात जोडून म्हणायचा, "आमचं काय हाय त्यात? आपण आपलं काम करावं, फळ आईच्या पायाशी ठेवावं आन् मोकळं व्हावं." कुणी रडत आलं, कुणाचं काही बिनसलं, तरी तो हेच सांगायचा. अंगाऱ्याच्या पुडीबरोबर हे वाक्य फुकट मिळायचं म्हणा ना. ऐकणाऱ्याला बरं वाटायचं आणि सांगणाऱ्याला त्याहून बरं वाटायचं.

त्याच्या कौतुकाला ओहोटी लागायची ती घरी. त्याची बायको लीला बालवाडीत बाई होती. कडक इस्त्रीची साडी, एका रेषेत निऱ्या, खांद्यावर एकच पिन, आणि कमरेखाली पोचणारी घट्ट वेणी. दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती देवळात यायची, हात जोडायची, मग दोन पावलं मागं सरून मान तिरकी करायची. त्या तिरक्या मानेची जोतीरामाला धास्तीच असायची. दुपारी ताट वाढता वाढता निकाल लागायचा.

"आज आईचा पदर आखूड झालाय."

"आखूड? सगळी पेठ बघून गेली, कुणाला दिसला न्हाई तो!"

"पेठंला साडी नेसवायची न्हाई, आईला नेसवायची हाय."

"मग तूच ये की नेसवायला."

"मला मुभा असती तर कवाच दाखवलं असतं."

मग जोतीराम संध्याकाळपर्यंत फुगून बसायचा आणि पुढच्या शुक्रवारी पदर वीतभर लांब काढायचा. लीला तो बघायची आणि काही म्हणायची नाही. तिनं काही म्हटलं नाही म्हणजे छान झालंय, हे जोतीरामाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी समजलं.

ती लीला श्रावणात एका सकाळी न्हाणीघरात पडली. पाय घसरला असं आधी वाटलं, पण ती उठेना. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. दवाखान्यातून घरी आली तेव्हा जिवाचा धोका टळला होता, पण वाचा गेली होती. देवळाला लागून असलेल्या दोन खोल्यांतली बाहेरची खोली रिकामी करून तिथं पलंग टाकला. घरात इतकी शांतता झाली, की देवळातली घंटा खोलीतच वाजतेय असं वाटायचं.

व्यायाम करून घ्यायला अभिनंदन यायचा. उंच, हसऱ्या चेहऱ्याचा तरुण डॉक्टर. त्यानं काही आडपडदा ठेवला नाही. जोतीरामाला अंगणात नेऊन म्हणाला, "काका, काकूंना सगळं समजतंय. पायात ताकद परत येऊ शकते, बोलणंही येऊ शकतं. पण हेच सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. त्यांनी बसायला पाहिजे, उभं राहायला पाहिजे. त्यांनी स्वतः जोर लावला नाही, तर मी नुसते पाय हलवून काही होणार नाही. मग त्या अंथरुणातच राहतील."

आणि लीला जोर लावायला तयार नव्हती. अभिनंदन आला की डोळे मिटून घ्यायची. त्यानं बसतं केलं की अंग सैल सोडून द्यायची. दोन घास पोटात गेले की ओठ आवळायची.

मुलगी वर्षाराणी मलकापुराहून धावत आली होती. पोरगी गुणाची आणि कामाला वाघ. येतानाच पुढून चेन असलेले चार गाऊन घेऊन आली. साड्यांची घडी करून कपाटात वर ठेवली. केसांत गुंता व्हायला लागला, तेव्हा म्हणाली, "आण्णा, जटा होतील. अंघोळ घालायला पण तरास. कापूया का?" जोतीराम देवळात जायच्या गडबडीत होता. त्यानं मान हलवली. वर्षाराणीनं कात्री घेतली आणि मानेपर्यंत केस कापले. सगळं मायेनं केलं, यात शंका नाही. पण विचारलं ते आण्णांना. डोकं जिचं होतं तिला कुणी विचारलंच नाही.

त्या दुपारी लीलाचा डावा हात उशीवर वेणी शोधत होता. इकडे चाचपला, तिकडे चाचपला, मग थांबला. तिनं तोंड भिंतीकडं केलं ते केलंच. शेजारपाजारच्या बायका भेटायला आल्या की ती झोपल्याचं सोंग घ्यायची. वर्षाराणीला तरी किती दिवस राहता येणार? पोराची शाळा होती, सासू थकलेली होती. डोळे पुसत ती मलकापूरला परत गेली आणि घरात जोतीराम उरला.

त्यानं कामात कसूर केली नाही, हे आधीच सांगायला हवं. पहाटे उठून तो लीलाचं सगळं करायचा. अंग पुसायचा, भांडं द्यायचा, चादर बदलायचा, पेज भरवायचा. पण करायचा कसा, तर देवळातली समई घासावी तसा. "कूस बदल" म्हणायचा आणि शब्द संपायच्या आत तिला वळवलेलं असायचं. घास तोंडाशी न्यायचा तेव्हा नजर घड्याळावर असायची. तिकडे देवी खोळंबलेली, इकडे ही खोळंबलेली. दिवसभर त्याचे हात चालायचे आणि तोंड बंद असायचं.

आतून मात्र तो पेटला होता. लहानपणापासून या देवीची सेवा केली, एक दिवस चुकवला नाही, आणि हिनं काय केलं? अर्धं घर लुळं करून टाकलं. तरी तो शहाणपणानं वागायला गेला. तो नवस बोलला, "आई, लीला चालू दे, तुला चांदीचे डोळे घालीन." मग पूजाही तशाच थाटाच्या बांधायला लागला. पैठणीचे काठ, दुहेरी वेण्या, निऱ्यांचा पंखा असा की माणसं फोटो काढायला रांग लावायला लागली. पूजा झाली की तो हळूच देवीच्या तोंडाकडं बघायचा. दुकानात पैसे देऊन माल मिळायची वाट बघत उभं राहिलेलं गिऱ्हाईक कसं बघतं, तसं. आणि घरी येऊन बघावं तर लीलाचं तोंड भिंतीकडं.

एका सकाळी कागलची एक बाई गाभाऱ्यापुढं बसून रडत होती. नवऱ्याची नोकरी गेलेली, वर सासरच्यांची बोलणी. "काय करू वो गुरव?" म्हणाली. जोतीरामानं सवयीनं तोंड उघडलं, "आपण आपलं काम..." आणि पुढचं त्याला येईना. त्यानं अंगारा दिला आणि आत निघून गेला.

देवळाच्या पायरीवर फुलं विकणारी बाळाबाई हे बघत होती. तिला जोतीराम चड्डीत असल्यापासून ठाऊक. ती काय सोडते होय!

"काय रं जोत्या, आज तुझं फळाचं कुठं गेलं? आमाला तर लई सांगत हुतास."

"गप बस की म्हातारे."

"बसतो की गप. मला काय!" म्हणून ती वेणी गुंफायला लागली. पण जोतीरामाच्या मनात ते कुसळासारखं टोचत राहिलं. दुसऱ्यांना सांगायला सोपं होतं. आपल्या अंगावर आल्यावर आपल्याकडं सांगण्याजोगं काहीच नाही, हे त्याला पहिल्यांदा कळलं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

पुढचा शुक्रवार उजाडला तो वाईटच. लीलानं पेजेचा घास तोंडातून बाहेर टाकला. अभिनंदन आदल्या संध्याकाळीच सांगून गेला होता, "काका, असंच चाललं तर अवघड आहे." जोतीराम तसाच तणतणत गाभाऱ्यात शिरला. आदल्या दिवशीची वस्त्रं ओढून काढली, ओलं फडकं मूर्तीवरून खसाखसा फिरवलं, नवी साडी कमरेला आवळली आणि निरी दाबताना टाचणी नखाखाली गेली. रक्ताचा थेंब काठावर पडला.

तो बोट तोंडात घालून उभा राहिला, आणि एकदम चपापला. आज आपण विचारलंच नाही!

नवलाईच्या गुरवांची ही रीत होती. देवीला हात लावायच्या आधी विचारायचं. मनात नाही, तोंडानं. "आई, हात लावू का?" मग वस्त्र काढताना, "आई, वस्त्र काढू का?" पदर घेताना, "आई, पदर घेऊ का?" आणि दर वेळी एक श्वास थांबायचं. जोतीरामाला हे त्याच्या वडलांनी, तात्यांनी, शिकवलं होतं. पहिल्या दिवशी त्यानं पोरवयाच्या घाईनं देवीचा पदर धरला, तेव्हा तात्यांनी हातावर फटका मारला होता.

"आधी इचार."

"तात्या, ती दगडाची हाय. ती काय सांगणार?"

"सांगंल न्हाईतर न्हाई सांगणार. तू इचारायचं आन् थांबायचं. हे तुझ्या सोयीनं चाललं न्हाई, तिच्या मर्जीनं चाललंय, एवढं तुझ्या हाताला कळाय पायजे. एकदा हाताला कळलं की पुढचं सगळं येतंय."

आणखी एक गोष्ट तात्यांनी सांगितली होती. पहिल्यांदा पूजा छान जमली, त्या दिवशी संध्याकाळी ती उतरवताना पोरगा जोतीराम मुसमुसायला लागला होता. तात्या हसले नाहीत. म्हणाले, "सांजंला उतरवायचीच हाय म्हणून सकाळी हलगर्जी करायची न्हाई. आन् सकाळी चांगली जमली म्हणून सांजंला अडवून धरायची न्हाई. बांधणं आपलं. बाकी तिचं."

इतक्या वर्षांत विचारायचं कधी चुकलं नव्हतं. तापात चुकलं नव्हतं, तात्या गेले त्यानंतर सुतक फिटल्यावरच्या पहिल्या पूजेलाही चुकलं नव्हतं. जोतीरामानं सगळं पुन्हा सोडलं, हात धुतले आणि देवीपुढं उभा राहून तो म्हणाला, "आई, चुकलो. हात लावू का?"

तो श्वासभर थांबला. आणि त्या श्वासात, गाभाऱ्यात नव्हे, पलीकडच्या खोलीत त्याचं मन जाऊन पोचलं. दवाखान्यातून आणल्यापासून लीलाला आपण एकदा तरी विचारलंय का? कूस बदलू का, घास देऊ का, गाऊन काढू का, एकदा तरी? या दगडाला दिवसातून दहा वेळा विचारलं. आणि ती जिवंत, सगळं समजणारी, सगळं ऐकणारी बाई रोज ओढली, वळवली, पुसली, भरवली. केसही कापून टाकले. जोतीरामाचे डोळे भरून आले. देवीचं तोंड त्याला दिसेना.

पूजा त्यानं साधीच बांधली. जाताना म्हणाला, "आई, तो नवस मी मागं घेतो. डोळे मला जमतील तवा घालीन, ते काय त्याच्यासाठी न्हाई. लीलाचं जे करायचं ते मी करतो. ती उठंल न्हाईतर न्हाई उठणार. ते मी तुला इचारायचं बंद केलं."

घरी येऊन तो पलंगाजवळ बसला. लीलाची पाठ त्याच्याकडं होती.

"लीला, हात लावू का?"

तो श्वासभर थांबला. मग आणखी थांबला. लीला वळली नाही, म्हणून त्यानंही हात लावला नाही. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मग वाटीत पेज आणून विचारलं, "घास देऊ का?" ओठ आवळलेलेच होते. त्यानं वाटी झाकून ठेवली आणि दारात जाऊन बसला. भूक लागली असेल, अंग आंबलं असेल, या विचारानं त्याचा जीव कासावीस होत होता. पण जबरदस्ती करून घास घालायला हात उठेना. दुपार कलल्यावर त्यानं चौथ्यांदा की पाचव्यांदा विचारलं, तेव्हा ओठ किंचित उघडले.

हे वाचायला गोड वाटतं, करायला फार अवघड होतं. प्रत्येक गोष्टीला दुप्पट वेळ लागायला लागला. कधी ती नाही म्हणायची, म्हणजे डोळे घट्ट मिटायची, आणि चादर ओली तशीच राहायची. जोतीराम बाहेर जाऊन डोकं धरून बसायचा आणि परत येऊन विचारायचा. देवळात पूजेला उशीर व्हायला लागला. बाळाबाई पायरीवरून ओरडायची, "अरं, आईनं अंगावर फुलं कवा घ्यायची? सांजंला?" तो म्हणायचा, "आलो, आलो. घरात इचारायलोय."

असं दोन आठवडे चाललं असेल. लीलाचा पाय हलला नाही, हात हलला नाही. गंमत अशी, की जोतीराम मात्र हलका झाला होता. पूजा झाल्यावर तो देवीच्या तोंडाकडं हिशेब मागायला बघत नव्हता. लीलाचं अंग पुसून झालं की ती आज बरी दिसते का, हेही शोधत नव्हता. संध्याकाळी पूजा उतरवताना जसं वाटायचं तसंच वाटायचं: आजचं झालं, उद्याचं उद्या.

आणि एका सकाळी त्यानं "कूस बदलू का?" विचारल्यावर लीलानं आपणहून मान वळवली आणि त्याच्याकडं बघितलं. बघितलं ते प्रेमानं वगैरे नाही. नवऱ्याला काही झालंय की काय, असं संशयानं बघितलं. जोतीरामाला इतक्या दिवसांनी तिची ती नजर दिसली आणि त्याला हसू फुटलं.

"अगं, ठीक हाय मी. नुसतं इचारतोय."

मग त्यानं, जिभेवर आलं म्हणून, विचारलं, "साडी नेसायची का?"

लीलानं डावा हात उचलून अंगावरच्या गाऊनची चेन चिमटीत धरली आणि झटकली. जोतीरामानं तरी पुन्हा विचारलं, खात्री करून घ्यायला. तिनं पुन्हा झटकली, या वेळी चिडून.

वर्षाराणीला फोनवर सांगितलं तर ती ओरडलीच. "आण्णा, खुळं झालाईसा व्हय? साडीत पाय अडकला, पडली म्हणजे?"

"तिनं व्हय म्हटलंय."

"ती बोलती कुठं?"

"मी इचारलं आन् तिनं व्हय म्हटलं."

मग वर्षाराणी हळू म्हणाली, "केस कापताना मी तिला इचारलंच न्हाई वो, आण्णा." आणि ती रडायला लागली. जोतीराम म्हणाला, "मी बी कुठं इचारलं, बाळ."

अभिनंदनला मात्र आनंद झाला. "साडीसाठी काकू उभ्या राहणार? मग व्यायाम वेगळा कशाला पाहिजे!" त्यानं लीलाच्या कमरेला रुंद पट्टा बांधला, पलंगाजवळच्या खिडकीचे गज डाव्या हातानं कसे धरायचे ते दाखवलं, आणि जोतीरामाला सांगितलं, "मी पट्टा धरतो. काकू दमल्या की लगेच बसवायचं. अर्धी नेसली असेल तरी बसवायचं."

जोतीरामानं कपाटातून लीलाची मोरपंखी इरकल काढली. बालवाडीतून निवृत्त झाली त्या दिवशी नेसली होती ती. आयुष्यभर देवीला साड्या नेसवलेला माणूस, त्याला वाटलं सहावारीचं काय एवढं? पण देवी हलत नाही. देवीच्या कमरेला सुतळी आवळता येते. देवीचा श्वास चढत नाही आणि गुडघा थरथरत नाही. "हात लावू का?" म्हणून त्यानं साडी खोचायला घेतली, एक फेरा झाला, आणि लीलाचा पाय लटपटला. अभिनंदननं तिला अलगद बसवलं. साडी तिच्या पायांशी ढीग होऊन पडली. पेठेत गाजलेले ते हात चार वार कापड धरून खुळ्यासारखे उभे राहिले.

लीला धापा टाकत होती, तिच्या कपाळावर घाम होता. पण तिनं भिंतीकडं तोंड केलं नाही. ती त्या ढिगाकडं बघत होती, आणि मान तिरकी होती.

दुसऱ्या दिवशी दोन फेरे झाले. तिसऱ्या दिवशी एकही नाही, कारण तिनं डोळे मिटून नको म्हटलं, आणि ते त्यानं मुकाट्यानं मानलं. एकदा निऱ्यांपर्यंत पोचले आणि निऱ्याच सुटल्या. रोज संध्याकाळी जोतीराम विचारायचा, "सोडू का?" आणि साडीची घडी करून उशाशी ठेवायचा. पूर्ण झाली तरी संध्याकाळी सोडायचीच असते, मग अर्धी झाली म्हणून काय बिघडलं, असं तो स्वतःशी म्हणायचा. आणि ते नुसतं म्हणणं नव्हतं, त्याला खरंच तसं वाटायला लागलं होतं.

नवरात्राच्या आदल्या आठवड्यातला मंगळवार होता. देवळात रंगाचं काम चाललेलं, बाहेर मंडप घालणाऱ्यांची ठोकाठोक. अभिनंदननं पट्टा धरला होता, लीलानं गज धरला होता. जोतीरामानं विचारत विचारत फेरा घेतला, निऱ्या घातल्या, खोचल्या, पदर खांद्यावर टाकला आणि पिन लावली. पाय थरथरत होते, पण टिकले. मग तिला खुर्चीत बसवलं. सगळ्यांनी श्वास सोडला.

जोतीरामाला काय वाटलं कोण जाणे, तो देवळात गेला आणि देवीला विचारून तिचा पितळी चौकटीचा आरसा घेऊन आला. पूजा झाल्यावर देवीला आरसा दाखवायचा असतो. तो लीलापुढं वाकला.

"आरसा दाखवू का?"

अंथरुणाला खिळल्यापासून तिनं स्वतःला बघितलं नव्हतं. तरी तिनं मान डोलावली. त्यानं आरसा धरला. तिनं एका बाजूला ओढलेलं तोंड बघितलं. मानेपर्यंत कापलेले केस बघितले, डाव्या हातानं त्यांना हात लावून बघितला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि जोतीरामाला वाटलं, चुकलं आपलं, आरसा आणायला नको होता. पण तो मागं सरला नाही, तिनं खूण केल्याशिवाय आरसा काढून घेतला नाही. तिची नजर खाली उतरली. साडीवरून, निऱ्यांवरून, खांद्यापर्यंत परत आली. मान तिरकी झाली.

तिचे ओठ हलले. घशातून खरखरीत काहीतरी आलं. पुन्हा हलले.

"प... पदर," लीला म्हणाली. मग दम घेऊन, एकेक अक्षर ओढून काढत म्हणाली, "आ-खूड."

अभिनंदन पट्टा सोडून टाळ्या पिटायला निघाला होता, पण जोतीरामाचा चेहरा बघून थांबला. आयुष्यभर ज्या शब्दावर तो रुसून बसला होता, तो शब्द ऐकून तो लहान पोरासारखा रडत होता आणि रडता रडता हसत होता.

"आखूड हाय व्हय? आखूडच हाय! अगं, आखूडच हाय की!"

देवळाच्या पायरीवरून बाळाबाईचा आवाज आला, "जोत्या! आई खोळंबलीया!"

"खोळंबू दे!" तो खिडकीतून ओरडला. "तिला इचारूनच आलोय मी!"

मग त्यानं डोळे पुसले, लीलासमोर उभा राहिला आणि विचारायला तोंड उघडलं. पण तिनं थांबायला सवड दिली नाही. डावा हात पुढं करून तिनं त्याच्या खांद्यावर ठेवला, जोर लावला, आणि कुणी न सांगता खुर्चीतून उठायला लागली. अभिनंदननं घाईनं पट्टा धरला. ती उभी राहिली, थरथरत, पण उभी.

जोतीरामानं पदराची पिन काढली, खोचलेल्या निऱ्या सोडल्या, आणि पहिल्या फेऱ्यापासून पुन्हा नेसवायला घेतली.